रिझर्व्हवरची गाडी आणि वहीतली उधारी

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर जाऊन उभे राहावे. केज असो, गेवराई असो, माजलगाव असो की परळी, चित्र एकच दिसते. बांधकामावर निघालेला गवंडी मोटारसायकल पंपाजवळ आणतो आणि "पन्नासचं टाका" म्हणतो. त्याच्या मागे दूधवाला, तो शंभरचे टाकतो. त्याच्या मागे रिक्षावाला. रात्रीच्या खिशातून दोनशेची नोट निघते, कारण काल संध्याकाळी त्यातूनच घरचा किराणा गेलेला असतो. टाकी पूर्ण भरा, असे म्हणणारा तासाभरात एखादाच येतो. २०२१ साली आपल्या मराठवाड्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून पन्नासच्या नोटेत अर्धा लिटरही येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, गाडीतले इंधन किती खाली जाऊ द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. काही जण काटा अर्ध्यावर आला की पंपावर जातात. काही जण लाल दिवा लागेपर्यंत थांबतात. काही जण तर दिवा लागल्यावरही "अजून वीस किलोमीटर जाते" असे म्हणून पुढे निघतात. ज्याचा त्याचा स्वभाव, असे म्हणून आपण सोडून देतो. पण आमच्या अनुभवाने सांगतो, की ही गोष्ट नुसत्या स्वभावाची नाही. ती खिशाची आहे, आणि कधी कधी ती शेजाऱ्याच्या खिशाचीही असते. हे आम्ही कसे शिकलो, ते या लेखात सांगणार आहोत. त्याआधी गाडीच्या पोटात काय चालते, ते थोडे समजून घेऊ.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे

जुन्या मोटारसायकलींना टाकीखाली एक कॉक असतो. त्याच्या तीन खुणा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. अनेकांची समजूत अशी की रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या आत बाजूला ठेवलेली दुसरी लहान टाकी. तसे काही नसते. टाकी एकच असते. कॉकपासून टाकीच्या आत एक उभी नळी गेलेली असते. कॉक 'चालू'वर असताना पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येते. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की गाडी आचके देऊ लागते. मग कॉक रिझर्व्हवर फिरवला की अगदी तळाचे छिद्र उघडते आणि उरलेले लिटर-सव्वा लिटर वापरात येते. म्हणजे रिझर्व्ह हा इशारा आहे, साठा नव्हे.

इथे एक चूक फार जण करतात. पेट्रोल भरल्यावर कॉक परत 'चालू'वर आणायचा विसरतात. पुढच्या वेळी गाडी इशारा न देताच थेट कोरडी पडते. मग सुरू होतात आपले जुने उपाय: गाडी हलवून कान लावून खळखळ ऐकणे, स्कूटर आडवी करणे, टाकीच्या तोंडात फुंकणे, नाहीतर मित्राने मागून दुसऱ्या गाडीवर बसून सायलेन्सरला पाय लावून ढकलत नेणे. हा शेवटचा प्रकार फार धोक्याचा आहे. महामार्गावर मागून ट्रक येत असताना दोन गाड्या एका पायाने जोडलेल्या असणे म्हणजे दोन घरांचे कर्ते एकाच वेळी संकटात घालणे.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा या नियमांच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. यांतल्या बऱ्याच मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नसून इंजेक्शन असते. बहुतेकींना रिझर्व्हचा कॉकच नाही, फक्त काटा किंवा चमकणारी पट्टी आहे. त्यांच्या टाकीत पेट्रोल ढकलणारा विजेचा लहान पंप बसवलेला असतो. तो भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो आणि पेट्रोलच त्याला वंगणाचे काम देते. टाकी वारंवार तळाला नेली तर तो पंप तापतो आणि लवकर निकामी होतो. पन्नास रुपये वाचवण्याच्या नादात पंपाचा खर्च अंगावर घेण्यासारखे हे आहे.

डिझेल गाडीचे दुखणे आणखी निराळे. पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर पेट्रोल ओतून चालू होते. डिझेलची गाडी मात्र "एअर घेते". नळ्यांत हवा शिरते, आणि टाकीत डिझेल ओतले तरी ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. मग फिल्टरजवळचा बोल्ट सैल करून, हातपंप दाबत, फेस जाऊन स्वच्छ डिझेलची धार येईपर्यंत हवा काढावी लागते. ज्याला हे येते त्याला वेळ लागतो, ज्याला येत नाही त्याला मिस्त्री शोधावा लागतो.

घाटात तर काटाही खोटे बोलतो. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्याच्यावर काटा चालतो. धारूरच्या घाटासारख्या चढावर टाकीतले इंधन एका बाजूला जाते. सपाटीवर "थोडे आहे" दाखवणारा काटा चढावर शून्याला टेकतो, किंवा उलट भरलेला दिसतो. इंधन कमी असेल तर ते नळीच्या तोंडापासून दूर सरकते आणि टाकीत लिटरभर असूनही इंजिन बंद पडते, तेही नेमके वळणावर.

त्या रात्रीची जीप

आता आमची गोष्ट. साल १९९६. पावसाळ्याचे दिवस. केज तालुक्यातल्या एका गावी आमची वस्ती आहे. त्या काळी वस्तीवर एकच चारचाकी होती. एक जुनी डिझेल जीप. तिच्या मालकाला लहानथोर सगळे मामा म्हणत. मामा दिवसभर गावातून केजला आणि बाजाराच्या दिवशी इतर गावांना प्रवासी नेत-आणत.

रात्री बाराच्या पुढे आमच्या चुलतभावाच्या बायकोला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. वस्तीवरच्या सुईण आजींनी हात लावून पाहिले आणि म्हणाल्या, "मला हे ठीक दिसंना. आंबाजोगाईला न्या." तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. मोबाइलही नव्हता. आम्ही मामांचे दार वाजवले.

मामा लगेच उठले. जीपचा काटा कधीचाच मोडला होता. त्यांनी टाकीत सळई बुडवली, बॅटरीच्या उजेडात पाहिली आणि म्हणाले, "गाडी काढतो. पन टाकीत बोटभरच हाय." त्या काळी रात्री पंप बंद असत. कोणी म्हणाले, पुरेल. कोणी म्हणाले, बघू पुढे. वहिनी, आजी, चुलती आणि आम्ही दोघे-तिघे बसून निघालो.

केज मागे पडले. पाऊस लागलेला. आंबाजोगाई काही किलोमीटरवर राहिली असता एका चढावर जीपने दोन आचके दिले आणि ती थांबली. अंधार असा की शेजारचा माणूस दिसेना. मामा खाली उतरले, बॉनेट उघडले, आणि काही न बोलता उभे राहिले. आतून वहिनींचे कण्हणे ऐकू येत होते. आम्ही रस्त्याच्या मध्ये उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होतो. दोन गाड्या थांबल्या नाहीत. तिसरा एक ट्रक थांबला. त्या ड्रायव्हरने काही न विचारता आपल्या टाकीत रबरी नळी घातली, तोंडाने ओढून डब्यात डिझेल काढून दिले. पैसे घेतले नाहीत. पण जीपने एअर घेतलेली. हवा काढण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात, त्या जीपच्या मागच्या बाकावर, आजींच्या हातात मुलगी जन्मली.

ती आणि तिची आई दोघी वाचल्या. पहाटे आंबाजोगाईच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी आजींना विचारले की हे कुणी केले, आणि आजी घाबरून म्हणाल्या, "मी न्हाई केलं, आपोआप झालं." आज ते आठवून हसू येते. त्या रात्री हसू आले नव्हते.

वही

दुसऱ्या दिवशी वस्तीवर राग होता. ड्रायव्हरने टाकीत डिझेल ठेवू नये म्हणजे काय, असे जो तो बोलू लागला. आम्हीही बोललो. संध्याकाळी विहारात माणसे बसली आणि मामांना बोलावणे गेले. मामा आले. येताना त्यांनी एक वही आणली होती. दोऱ्याने शिवलेली, कोपरे दुमडलेले. ती त्यांनी चटईवर ठेवली आणि म्हणाले, "वाचा."

वहीत भाड्याची उधारी होती. केजला नेल्याचे, दवाखान्यात नेल्याचे, लग्नाला नेल्याचे. वस्तीतले क्वचित एखादे घर सोडले तर सगळ्यांची नावे होती. "पगार झाला की देतो", "ऊसतोडीहून आलो की देतो", "हप्ता आला की देतो". आमचेही नाव होते. ज्या चुलतभावाच्या घरची ती रात्र होती, त्याचे तर दोनदा होते. मामांनी कुणाचे नाव घेऊन वाचले नाही. एवढेच म्हणाले, की सकाळी जेवढे रोख मिळते तेवढ्याचे डिझेल टाकतो, संध्याकाळी संपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या रात्रीची टाकी मामांच्या हलगर्जीपणाने रिकामी नव्हती. आमच्या उधारीने रिकामी होती. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सुईण आजीच बोलल्या. म्हणाल्या, "पिठाचा डबा म्या कधी खरवडीत न्हाई. मूठभर मागं ठिवते. पावना कवा येईल सांगता येत न्हाई." गाडीच्या टाकीलाही तसेच हवे, असे त्यांचे म्हणणे.

दुसरा एक जण उठून म्हणाला, की आपण दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. जाऊन-येऊन आठशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. कधी वाटेत डिझेल संपले का? नाही. कारण महिनाभर आधी वर्गणी गोळा होते आणि निघण्याआधी टाकी भरते. मुंबईला जाताना आपण आधी पैसे देतो, आणि आंबाजोगाईला जाताना नंतर देतो. फरक एवढाच आहे.

त्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, प्रत्येक घराने एका महिन्यात जमेल तेवढी उधारी फेडावी. दुसरी, घरटी थोडी थोडी वर्गणी काढून मामांना एकदाच दहा लिटर डिझेलचे पैसे द्यावेत. ते दहा लिटर वस्तीचे. मामांनी रोजचा धंदा त्याच्या वरच्या डिझेलवर करावा, आणि सळई त्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. सळईवर करवतीने एक खाच पाडली. मामांनी ती खाच पुढे जीप विकेपर्यंत पाळली.

हिशेब करून पाहा

त्या खाचेत एक साधा हिशेब आहे. तो आम्हांला तेव्हा कळला आणि आजही प्रत्येक रिक्षावाल्याला, टमटमवाल्याला, मोटारसायकलवाल्याला सांगावासा वाटतो.

समजा, दोन रिक्षावाले आहेत. दोघांनाही रोज तीनशे रुपयांचे इंधन लागते. पहिला सकाळी रिकाम्या टाकीत तीनशेचे टाकतो, संध्याकाळी टाकी रिकामी. दुसरा सकाळी तीनशेचेच टाकतो, पण त्याच्या टाकीत खाली चार लिटर आधीपासून आहेत, आणि संध्याकाळी ते चार लिटर तसेच राहतात. दोघांचा रोजचा खर्च किती? तीनशेच. महिन्याचा? सारखाच. वर्षाचा? तोही सारखाच. फरक फक्त पहिल्या चार लिटरचा, आणि ते पैसे एकदाच लागतात. ते खर्च झालेले नसतात. टाकीत अनामत ठेवलेले असतात.

आपल्यासारख्या रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला एकदम चारशे रुपये बाजूला काढणे जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून एकदम काढू नका. रोजच्यापेक्षा वीस रुपयांचे जास्त टाका, वीस दिवस. चारशे रुपये होतात, म्हणजे चार लिटरच्या जवळपास. एकविसाव्या दिवसापासून पुन्हा पूर्वीइतकेच टाका. टाकीचा तळ मात्र आता वर आलेला असेल.

जास्त इंधनाचे वजन होऊन ॲव्हरेज कमी पडते, असे काही जण म्हणतात. पेट्रोलचे वजन लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास असते. चार लिटरचे तीन किलो. पोराच्या दप्तराएवढे. त्याने रिक्षाच्या ॲव्हरेजला काही होत नाही.

मग किती ठेवावे? जाणती ड्रायव्हर मंडळी पाव टाकीचा नियम सांगतात, आणि तो आम्हांला पटतो. काटा पावावर आला की पुढच्या पंपावर थांबायचे. घाट चढायचा असेल, रात्रीचे जायचे असेल किंवा घरात गरोदर बाई, म्हातारे माणूस अथवा आजारी लेकरू असेल, तर अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचे नाही. एसटीच्या गाड्यांत डिझेल आगारात भरले जाते. त्यांच्या ड्रायव्हरला खिशात किती आहेत हे पाहून डिझेल टाकावे लागत नाही. आपल्यामागे आगार नाही, म्हणून आपली शिस्त आपणच लावायची.

ऊस, इथेनॉल आणि दारात उभी गाडी

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातही जातात. तिथे आपल्या कोयत्याने तुटलेला ऊस आता नुसती साखर होऊन येत नाही. त्याच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. मका आणि तांदळापासूनही ते बनते. २०२५ साली देशाने वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. म्हणजे लिटरभर पेट्रोल घेतले तर त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल.

याचे दोन परिणाम आपल्या टाकीशी संबंधित आहेत. पहिला, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. "रिझर्व्हला लागल्यावर इतके किलोमीटर जाते" हा आपला जुना अंदाज आता तंतोतंत खरा धरू नये. दुसरा, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकी जितकी रिकामी तितकी तिच्यात हवा जास्त, आणि हवेबरोबर ओलावा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसते, पत्र्याला गंज धरतो.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना एक सूचना. मोटारसायकल पाच-सहा महिने दारात उभी राहणार असेल तर तिच्या टाकीत तळाला अर्धा लिटर ठेवून जाऊ नका. एक तर टाकी भरून, झाकण नीट लावून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून कोरडी करा. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहून चिकटणार नाही. त्याहून चांगले, मागे राहणाऱ्या कुणा भरवशाच्या माणसाला आठवड्यातून एकदा गाडी चालवायला सांगा.

आणि टोळी घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रक ड्रायव्हर बंधूंना हात जोडून विनंती, की निघण्याआधी डिझेल पाहा. ट्रॉलीत भांडीकुंडी, बकरी, कोंबड्या आणि झोपलेली लेकरे असतात. रात्री डिझेल संपून ट्रॉली रस्त्यातच उभी राहिली, तिला मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, तर मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. अशा वेळी आधी बायका-मुलांना उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण किंवा हिरव्या फांद्या ठेवाव्यात, आणि मगच डिझेलची सोय पाहावी.

साठवण टाकीत, घरात नव्हे

१ आणि २ जानेवारी २०२४ हे दोन दिवस अनेकांना आठवत असतील. अपघातानंतर पळून जाण्याबाबतच्या नव्या कायद्यातील शिक्षेविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी काम थांबवले. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोतून टँकर निघेनात. राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, ठिकठिकाणी पंप कोरडे पडले. दोन तारखेच्या रात्री सरकारशी बोलणे होऊन तोडगा निघाला. ज्यांच्या टाकीत पाव-अर्धा भाग इंधन होते, ते त्या दोन दिवसांत शांतपणे कामावर गेले. ज्यांची गाडी रिझर्व्हवर होती, त्यांचा दिवस रांगेत गेला आणि रोजही बुडाला.

अशा वेळी भीतीपोटी लोक कॅन आणि बाटल्या घेऊन धावतात. हे करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीसरशी पसरत चुलीपर्यंत, देवळीतल्या दिव्यापर्यंत पोहोचते. एका खोलीच्या घरात, जिथे स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास एकाच ठिकाणी चालतो, तिथे पेट्रोलची बाटली ठेवणे म्हणजे आगीला घरी बोलावणे. पाण्याच्या बाटलीत ठेवलेले पेट्रोल किंवा रॉकेल लेकरू पाणी समजून पिते. असे झाले तर त्याला उलटी करायला लावू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. थेट दवाखान्यात न्यावे. नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढण्याचाही धोका हाच आहे. १९९६ च्या त्या ट्रक ड्रायव्हरने आमच्यासाठी तो पत्करला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

दुसरीकडे एक अफवाही फिरत असते, की उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर तिचा स्फोट होतो. इंडियन ऑइलच्या नावाने हा मजकूर पसरला होता आणि कंपनीने तो खोटा असल्याचे जाहीर केले. बीडच्या उन्हातही टाकी भरून गाडी चालवता येते. फक्त नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी थोडे, आणखी थोडे म्हणत झाकणापर्यंत भरू नये.

पंपावर गेल्यावर

थोडे थोडे इंधन घेणाऱ्याने मापाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण त्याला एकेक थेंब मोलाचा. शंभरऐवजी एकशे दहाचे सांगितले की माप बरोबर येते, अशी समजूत आहे. मापाचा संबंध त्या आकड्याशी नाही. भरण्याआधी यंत्रावर शून्य आहे का, ते पाहावे. शंका आली तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असते, त्यात मोजून दाखवा, असे सांगण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागावा. हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी या सोयी तिथे मोफत असतात, तक्रार वहीही असते. पन्नासचे पेट्रोल घेणाऱ्याला हे हक्क हजाराचे घेणाऱ्याइतकेच आहेत. संकोच करू नये.

जीपमध्ये जन्मलेली ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. मामा थकले, जीप गेली, त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. आता १०८ ला फोन करता येतो आणि तो करायलाच हवा. पण रुग्णवाहिका दुरून येणार असेल तर वाटेपर्यंत माणूस नेऊन पोहोचवायला वस्तीवरची गाडी तयार लागतेच. टेम्पोचा काटा चांगला चालतो. तरी रात्री गाडी लावली की शेजारचे कोणी ना कोणी डोकावून विचारते, "कितीवर हाय?"

वाचकहो, आज संध्याकाळी आपली गाडी लावताना काटा पाहा. तो पावाच्या खाली असेल तर उद्यापासून वीस रुपये जास्त टाकायला लागा. आणि वस्तीवरच्या कुणा रिक्षावाल्याच्या, टमटमवाल्याच्या वहीत आपले नाव असेल, तर ते आधी खोडून घ्या.